लेडीजमध्ये दोनच कलर आहेत!

"ताई, लेडीजमध्ये दोनच कलर आहेत. पिंक आणि पर्पल."

गेल्या जूनमध्ये पेठेतल्या एका सायकलच्या दुकानात मला हे ज्ञान मिळालं. गंमत म्हणजे मी लेडीज सायकल मागितलीच नव्हती. मी मागितली होती ब्रेक लिव्हरची एक जोडी. साधी, अल्युमिनियमची. दुकानदारांनी चष्म्यावरून वर बघितलं, समोर मुलगी दिसली, आणि त्यांनी पोऱ्याला माळ्यावर चढवून गुलाबी लिव्हर्सचा बॉक्स खाली काढायला लावला. माणूस वाईट नव्हता. चहा विचारला, बिलात तीस रुपये कमी केले. पण त्यांच्या डोक्यात एक तक्ता होता आणि त्या तक्त्यात माझा रकाना आधीच भरलेला होता.

तर मंडळी, विषय सायकलच्या रंगाचा आहे. हसू नका. अंकात बाकीचे लोक ग्लोबल वॉर्मिंगवर आणि 'इंजिनिअरिंगने मला काय दिलं' यावर लिहिणार आहेतच. मी सायकलवर लिहिते, कारण मागचं अख्खं वर्ष मी एका जुन्या फ्रेमवर सायकल बांधली आणि त्यात बेअरिंगपेक्षा, ब्रेकपेक्षा, पैशांपेक्षा जास्त डोकं खाल्लं ते रंगाने. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाने घेतली आहे, तसं लेखी आश्वासन आहे.)

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

मी सेकंड इयरला असताना आमच्या विंगमध्ये एक फर्स्ट इयरची मुलगी आली. तिच्याबरोबर तिची गावाकडची सायकल आली. गुलाबी, पुढे बास्केट, चेन कव्हरवर पांढरी फुलं. दहावीत चांगले मार्क पडले म्हणून वडिलांनी घेतलेली. वर्कशॉपच्या शेडपाशी ती सायकल उभी राहिली की आमच्या वर्गातली मुलं 'बार्बी आली, बार्बी आली' करून ओरडायची. मेकॅनिकलच्या आमच्या वर्गात सत्तर जणांत आम्ही सहा मुली. मी त्या मुलांबरोबर कटिंग प्यायचे, त्यांच्याबरोबर जर्नल उतरवायचे. ते हसले तेव्हा मी पण हसले. एकदा नाही, चार-पाच वेळा. एकदा तर घंटी वाजवून नक्कलही केली.

पंधरा दिवसांनी त्या मुलीने इलेक्ट्रिकलवाल्या कोणाकडून तरी काळ्या इन्सुलेशन टेपची चार रिळं आणली आणि अख्खी फ्रेम गुंडाळून टाकली. फुलांवरसुद्धा टेप. बास्केट काढून कॉटखाली टाकली. कोणी काही बोललं नाही. ती सायकल इतर सायकलींत मिसळून गेली.

हे मला तेव्हा फार लागलं वगैरे नाही. खोटं कशाला बोलू? ते मला लागलं पुढच्या जूनमध्ये, त्या गुलाबी लिव्हर्सच्या बॉक्ससमोर. "मला पिंक नकोय हो!" असं मी दुकानात जवळजवळ ओरडले, आणि आवाज ऐकून माझं मलाच वाटलं, एवढं चिडायला काय झालं? रंग तर वाईट नव्हता.

गुलाबी म्हणजे नाजूक, हे गणित इटलीत जाऊन कोणाला सांगा. तिथली 'जिरो द'इटालिया' ही शर्यत १९०९ मध्ये सुरू झाली. सुरू करणारं वर्तमानपत्र गुलाबी कागदावर छापलं जायचं, म्हणून १९३१ पासून शर्यतीत जो पुढे असतो त्याला गुलाबी जर्सी घालतात. आल्प्सचे घाट चढून उतरून, तीन आठवडे सायकल मारून, पाय सुजवून घेऊन माणसं त्या गुलाबी रंगासाठी भांडतात. एडी मर्क्ससारख्या पैलवान गड्याने ती शर्यत पाच वेळा जिंकली. त्याला कोणी बार्बी म्हटल्याचं ऐकिवात नाही. फ्रान्सच्या शर्यतीची पिवळी जर्सी १९१९ ची, आणि त्या शर्यतीच्या वर्तमानपत्राचा कागद पिवळा होता. म्हणजे जगातले दोन सगळ्यात मानाचे सायकलचे रंग कोणी तत्त्वज्ञान करून ठरवलेले नाहीत. छापखान्यात कोणता कागद होता, त्यावर ठरले. आणि मिलानच्या बियांकी कंपनीचा तो फिकट हिरवट-निळा 'चेलेस्ते' रंग? तो का निवडला याच्या एकाहून जास्त दंतकथा आहेत. एकीत राणीचे डोळे आहेत, दुसरीत मिलानचं आकाश. पण त्या रंगाच्या सायकलीवर फाउस्तो कोप्पी जिंकत गेला आणि रंगाला इज्जत आली. रंगाला अर्थ नंतर येतो. आधी कोणीतरी तो रंग घेऊन जोरात पायडल मारावं लागतं.

आपल्याकडे मात्र अर्थ आधी चिकटवून मग सायकल देतात. राजस्थानात सरकारी शाळेतल्या नववीच्या मुलींना सायकली मिळतात. चांगली योजना आहे. त्या सायकली आधी काळ्या होत्या, २०१७ मध्ये भगव्या झाल्या, सरकार बदललं तशा परत काळ्या झाल्या, आणि पुन्हा सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये परत भगव्या. दोन्ही बाजूंनी रंगावर पुष्कळ बोलणं झालं. मला त्यातल्या कुठल्याच बाजूने बोलायचं नाही. मला एवढंच विचारायचंय, की नववीतल्या एकीला तरी कोणी विचारलं का, बाळ, तुला कोणता हवा? बिहारने २००६ मध्ये हीच योजना केली तेव्हा सायकलऐवजी दोन हजार रुपये हातात दिले. जा, घेऊन या. त्या पैशांत दुकानातली कोणती सायकल घ्यायची हे घरातल्यांनी ठरवलं असेल, बापाने ठरवलं असेल, मान्य आहे. पण निदान मंत्रालयात ठरलं नाही.

असो. माझी सायकल.

फ्रेम भंगारातली. आमच्या वर्कशॉपच्या मामांच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडून वजनावर घेतली, साडेचारशे रुपये. जुनी स्टीलची, जेन्ट्स, मधली दांडी सरळ. रंग मुळात कोणता होता ते सांगता येत नव्हतं, कारण वर तीन वेळा ऑइल पेंट मारलेला होता. खरवडल्यावर काळा, त्याखाली हिरवा, त्याखाली गंज. पण सांधे मजबूत. पितळेने ब्रेझ केलेले, लग लावलेले. मामांनी फ्रेम दोरीला टांगली, स्पॅनरने टोला मारला, आवाज ऐकला आणि म्हणाले, "घे. क्रॅक नाय."

मग सुरू झाली चर्चासत्रं. आमच्या कट्ट्यावरच्या पोरांचं एकमत होतं: फुल मॅट ब्लॅक. फ्रेम ब्लॅक, रिम ब्लॅक, तारा ब्लॅक, हब ब्लॅक, आणि मधे चार ठिकाणी लाल. 'एकदम डेंजर दिसेल.' मी लगेच हो म्हटलं. गुलाबीपासून जितकं लांब पळता येईल तितकं पळायचं, आणि लांबात लांब जागा म्हणजे मॅट ब्लॅक.

इथे थोडं इंजिनिअरिंग. स्टाफ हा अंक वाचतो, तेव्हा सबमिशनला उपयोग होईल.

सायकल हा एक पदार्थ नाही. स्टील, अल्युमिनियम, रबर, प्लॅस्टिक, रेक्झिन, सगळं एकत्र असतं आणि प्रत्येकाची रंगण्याची रीत वेगळी. स्टीलच्या फ्रेमला पावडर कोटिंग करतात. सँडब्लास्ट करून उघडं पाडलेलं लोखंड, त्यावर विद्युतभारित कोरडी पावडर उडवायची आणि भट्टीत साधारण दोनशे डिग्रीला भाजायचं. पावडर वितळते आणि सलग कातडं तयार होतं. ब्रेझिंगचं पितळ नऊशेच्या आसपास वितळतं, त्यामुळे सांध्यांना काही होत नाही. अल्युमिनियमच्या पार्ट्सना, म्हणजे हब, लिव्हर, क्लॅम्प यांना, अॅनोडायझिंग. पार्टला अॅनोड करून सौम्य सल्फ्युरिक अॅसिडमध्ये करंट सोडायचा, पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर वाढतो, त्या थराला मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असतात, त्यात रंग शोषला जातो आणि मग उकळत्या पाण्यात ती छिद्रं बंद करतात. म्हणजे अॅनोडायझिंगमध्ये रंग धातूच्या वर नसतो, धातूच्या स्वतःच्याच सालीत मुरलेला असतो. लोणच्यासारखा. (हे उदाहरण मी ओरलमध्ये दिलं होतं. एक्स्टर्नल हसले, मार्क दिले नाहीत.)

आता लोणच्याची चव जशी प्रत्येक घरची वेगळी, तसा हा रंगसुद्धा. मिश्रधातू कोणता, थर किती मायक्रॉनचा, डायमध्ये पार्ट किती मिनिटं बुडाला, डाय नवा की वापरून पातळ झालेला, यावर छटा बदलते. हे मला आज माहीत आहे. ऑगस्टमध्ये नव्हतं. म्हणून मी चार ठिकाणांहून चार लाल पार्ट मागवले: ब्रेक लिव्हर, सीटचा क्लॅम्प, पायडल आणि बाटलीचा स्टँड. चारही बॉक्सवर 'रेड'. रात्री रूमवर ट्यूबलाइटखाली गादीवर ओळीने मांडले तेव्हा झकास जमले होते. रूममेटने फोटोसुद्धा काढला. सकाळी गॅलरीत नेले आणि काय सांगू! एक लाल, एक शेंदरी, एक सरळ गुलाबी आणि पायडल तर जांभळ्याकडे झुकलेलं.

याला मेटामेरिझम म्हणतात. दोन वेगळे डाय एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे, कारण उजेडातल्या कुठल्या तरंगलांबी ते परत पाठवतात ते वेगळं असतं. मी हे आईला फोनवर मोठ्या विद्वत्तेने समजावून सांगितलं. आई म्हणाली, "अगं, म्हणून तर मी ब्लाउजपीस दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघते. तू तेव्हा लाजून लांब उभी राहायचीस."

खरंय. मॅचिंग सेंटरच्या दारात आई साडीचा पदर आणि कापडाचा तुकडा उन्हात धरून पाच-पाच मिनिटं उभी असायची आणि मी रस्त्याच्या पलीकडे, आपली ओळख नाही असा चेहरा करून. तिला मेटामेरिझम माहीत नव्हतं, पण तिने आयुष्यात एकदाही चुकीचा पीस आणलेला नाही. मी तीन सेमिस्टर फिजिक्स-केमिस्ट्री करून सोळाशे रुपये घालवले.

तेव्हा पार्ट्सच्या बाबतीत माझं ठाम मत झालंय आणि ते कट्ट्यावर कोणालाच पटत नाही, म्हणून इथे छापून घेते. जे पार्ट कायमचे आहेत ते सिल्व्हर घ्यावेत. हब, रिम, तारा, क्रँक, लिव्हर, सीटची नळी, सगळं सिल्व्हर. सिल्व्हर हा म्हाताऱ्यांचा रंग आहे असं म्हणतात. म्हणू देत. सिल्व्हर सिल्व्हरशी जमतंच, कुठल्याही दुकानातून घ्या, कुठल्याही साली घ्या. ओरखडा पडला तर आत आणि बाहेर रंग एकच. काळ्या अॅनोडायझिंगवर ओरखडा पडला की पांढरी रेघ उठते, ती मरेपर्यंत दिसते. काळ्या रिमवर रबरी ब्रेक लागतात तिथला काळा रंग पहिल्या पावसाळ्यात निघून जातो, मग ती अर्धवट सोललेली रिम फिरताना बघायची. पॉलिश केलेलं अल्युमिनियम निस्तेज झालं तर रविवारी ब्रासो आणि जुनी बनियन. आणि लाल, गुलाबी, जांभळे अॅनोडाइज्ड पार्ट उन्हात विटतात, कारण बहुतेक डाय सेंद्रिय असतात आणि अल्ट्राव्हायोलेट किरण त्यांचे बंध तोडतात. १९९०च्या दशकात परदेशात माउंटन बाइकवाल्यांना जांभळ्या पार्ट्सचं वेड लागलं होतं. त्यातले जे पार्ट उन्हात राहिले त्यांचा जांभळा आज ओळखू येत नाही.

मग रंग लावायचा तरी कुठे? जिथे तो बदलता येतो तिथे. हँडलची टेप, ब्रेकच्या वायरचं बाहेरचं कव्हर, सीट, ग्रिप. हे सगळं दीड-दोन वर्षांत झिजतंच, आणि झिजलं की नवा रंग. वायरचं कव्हर मीटरवर मिळतं, शंभर-दीडशे रुपयांत सायकलीचा चेहरा बदलतो. टायरच्या बाबतीत मात्र हौस करू नये. रबर मुळात काळं नसतं, मळकट पांढरं असतं. त्यात कार्बन ब्लॅक घालतात ते शोभेसाठी नाही. त्याने टायर कमी झिजतो आणि उन्हात तडकत नाही. कडेला तपकिरी पट्टी असलेला टायर घ्या, छान दिसतो, पण रस्त्याला टेकतो तो भाग काळाच हवा. टायर हा एकच पार्ट असा आहे, जिथे माझ्या मित्रांचं काळ्याचं वेड बरोबर आहे.

बाकी ठिकाणी ते वेड मला आता अजिबात पटत नाही. हॉस्टेलच्या मागच्या गेटपासून हायवेपर्यंत दिवे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रस्त्याला मॅट ब्लॅक सायकल, काळं टी-शर्ट आणि काढून टाकलेले रिफ्लेक्टर ('लुक खराब होतो' म्हणून) हे प्रकरण डेंजर दिसत नाही. ते दिसतच नाही. आमच्यातल्याच एकाला दिवाळीनंतर टेम्पोने घासलं. मनगट मोडलं, एक सेमिस्टरची प्रॅक्टिकल्स गेली. टेम्पोवाला रडत होता. तो म्हणत होता, "दिसलाच नाय ओ, आईशप्पथ दिसला नाय." पायडलच्या नारिंगी रिफ्लेक्टरचा फायदा असा, की तो वर-खाली हलतो आणि मागच्याला लगेच कळतं की पुढे सायकल आहे. मी ते चारही परत बसवलेत. कोणत्याही कलर स्कीममध्ये बसत नाहीत, आणि मी त्यांना बसवत नाही.

आता फ्रेम. फ्रेमचा रंग काही दर वर्षी बदलता येत नाही. तिथेच खरा प्रश्न होता.

भोसरी एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मामांबरोबर गेले. तिथे रंगांचं कार्ड दिलं, राल नंबरचं. ही जर्मन पद्धत १९२७ पासूनची आहे, प्रत्येक रंगाला चार आकडे. काळ्याचा ९००५ मला पाठ होता. सांगायला तोंड उघडलं आणि कार्ड हातातच राहिलं. दोनशेच्या वर रंग होते आणि मला त्यातल्या जेमतेम दहांची नावं येत होती. रेड, डार्क रेड, लाइट रेड... पुढे संपलं. शाळेत आम्हाला हाउस होती: रेड, ब्लू, ग्रीन, यलो. पहिलीत चिठ्ठी काढून मी ग्रीनमध्ये गेले आणि दहावीपर्यंत पी.टी.ला हिरवा पट्टा लावला. आवडतो का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही. म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मी स्वतःहून एकही रंग निवडलेला नव्हता. दिलेला घेतला होता, नाहीतर दिलेल्यापासून पळाले होते.

कार्डाचा फोटो काढून आजीला पाठवला. आजीने संध्याकाळी फोनवर एकेक चौकोन वाचून दाखवला. हा आमसुली. हा डाळिंबी. हा विटकरी. हा मोरपिशी, हा चिंतामणी, हा वांगी. हा अबोली, पण जरा आजारी अबोली. हा काय गं, उंदरासारखा? मी सांगितलं, अगं तो ग्रे. "राखाडी म्हण की," आजी म्हणाली. आणि ४०१० नंबरवर येऊन थांबली. "हा गुलबक्षी. दारात लावलेली होती आपल्या, संध्याकाळी फुलायची." राल कार्डवर त्याचं नाव 'टेलिमजेंटा' आहे. दोन नावांत फरक केवढा बघा.

आणि तो रंग गुलाबीच्या सख्ख्या घरातला आहे, यात वाद नाही. तो मला आवडला होता. कार्ड हातात घेतल्यापासून आवडला होता, पण डोळे तिथून उचलून मी पुढे जात होते. गुलाबी घ्यायला लावणारा दुकानदार आणि गुलाबी घेऊ न देणारा माझा कट्टा, दोघांकडे तक्ता एकच होता. मी फक्त रकाना बदलायचा प्रयत्न करत होते.

४०१० केला. ब्लास्टिंग धरून नऊशे रुपये. कट्ट्यावर दोन दिवस शांतता होती, मग एकाने 'बार्बी' म्हटलं. मी म्हटलं, "हो. चल, गेटपर्यंत रेस लाव." तो जिंकला. खोटं कशाला लिहू, त्याच्या सायकलला गिअर आहेत. पण परत म्हणाला नाही.

एक धडा मात्र तिथे फुकट मिळाला. वर्कशॉपवाले आटे झाकायला विसरले. पावडर बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांत जाऊन भाजली गेली आणि कप आत जाईना. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावायचीही भीती. मामांनी एक जुना स्टीलचा कप घेतला, हॅकसॉने त्याला तीन खाचा पाडल्या आणि तेल घालून तो कप टॅपसारखा आत-बाहेर फिरवत सगळी पावडर खरवडून काढली. अर्धा तास. आमच्या मॅन्युफॅक्चरिंगच्या पुस्तकात हे नाही. तुम्ही फ्रेम कोटिंगला देणार असाल तर आटे आणि बेअरिंगच्या जागा स्वतः मास्किंग टेपने झाका आणि वर्कशॉपवाल्यांना दोनदा सांगा. त्यांनी मान हलवली म्हणजे ऐकलं असं नाही.

सायकल सप्टेंबरपासून चालते आहे. गुलबक्षी फ्रेम, सिल्व्हर पार्ट, हँडलला मातकट रंगाची टेप. त्या चार लालपैकी लिव्हर विकले, बाटलीचा स्टँड रूममेटला दिला, पायडल अजून कपाटात आहेत.

गेल्या महिन्यात ती ज्युनिअर खाली स्टँडपाशी माझ्या सायकलकडे बघत उभी होती. आता ती सेकंड इयरला आहे. म्हणाली, "दीदी, कलर कुठून केला?" मी सांगितलं. मग जे सांगायला दीड वर्ष उशीर झाला होता तेही सांगितलं. ती म्हणाली, "माहितीय. तुम्हीच घंटी वाजवली होती." एवढंच. राग दिसला नाही, पण ती विसरलीही नव्हती.

त्या रविवारी आम्ही दोघींनी तिच्या सायकलची टेप काढली. टेप निघाली, गोंद निघेना. पेट्रोल लावलं असतं तर रंगही गेला असता. शेवटी मेसमधून खोबरेल तेल आणलं, दहा मिनिटं मुरवत ठेवायचं आणि जुन्या ओढणीने पुसायचं. दुपारी दोन वाजता आख्खी फ्रेम बाहेर आली. टेप जिथे घट्ट होती तिथे रंग नवा कोरा, दुकानातल्यासारखा गुलाबी. जिथे गुंडाळताना फटी राहिल्या होत्या तिथे दीड वर्षाच्या उन्हाने पार विटून पांढरट झालेला. त्यामुळे सगळ्या दांड्यांवर तिरके पट्टे उठलेत. मी म्हटलं, भोसरीला नेऊ, ब्लास्ट करून नवा करू, अर्धे पैसे मी देते. ती म्हणाली, थांबा जरा, बघू दे. बास्केट तिने कॉटखालून काढून परत लावली आहे. पट्टे अजून तसेच आहेत.